छोट्या लाइनीवरचा हिवाळा

तुरीला फुलं आली आहेत. मानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही हातांना पिवळं सुरू होतं. सोयाबीन निघून गेलं, त्या वावरांतून हरभरा बोटभर वर आला आहे, आणि कपाशीच्या ओळींत बाया कापूस वेचायला कमरेला ओटे बांधून वाकलेल्या दिसतात. थंडी अजून भरात आलेली नाही. पण पहाटे चादर पुरेनाशी झाली म्हणून परवा मी लोकरीच्या कपड्यांचं कपाट उघडलं, तर सगळ्यांत वर यांची तपकिरी कानटोपी. ती बाजूला ठेवून मी माझा स्वेटर काढला. मग तो हातात घेऊन पलंगावर बसले ती बसलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅकवर गेले. मधला अख्खा हिवाळा मी तिकडे फिरकले नव्हते.

ट्रॅक म्हणजे आमची जुनी रेल्वेलाइन. कारंज्याकडून येणारी छोटी गाडी आमच्या गावाला वळसा घालून पुढे जायची. चढ लागला की तिचा दम इतका तुटायचा की तरणी माणसं उतरून शेजारून चालायची आणि सपाटी आली की पुन्हा चढून बसायची. ती गाडी बंद झाली. कितीतरी वर्षं रूळ तसेच पडून होते. त्यांच्यामधून तरोटा माजला, बाभळी उठल्या, लोकांनी शेळ्या बांधल्या. मग कधीतरी रूळ उचलले गेले, मुरूम दाबला गेला, वर फरशीचे ठोकळे बसले, दिव्याचे खांब आले, आणि गाव सकाळ-संध्याकाळ त्या वाटेवर फिरायला लागलं. त्यानंतर चित्रवाले आले. स्टेशनाच्या मागच्या लांबलचक भिंतीवर त्यांनी पूर्ण गाडी रंगवली. रुळांखालून उखडलेले लोखंडी सिलपाट उभे रोवून त्यांच्यावर ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं काढली. भंगारातल्या नट-बोल्टांचा एक गँगमन केला, खांद्यावर हातोडा घेतलेला. फलाटावर सिमेंटचे प्रवासी बसवले, गाडीची वाट बघणारे, आणि त्यांच्या बाकावर मध्ये रिकामी जागा ठेवली, दमलेल्याने बसावं म्हणून. नाल्यावरच्या मोरीच्या आतल्या अंगाला मासे आणि खंड्या पक्षी रंगवले. ते बघायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं.

हे त्याच गाडीवर गार्ड होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या लाइनीवर काढली. गाडी बंद झाल्यावर यांची बदली मोठ्या लाइनीवर झाली, तिथूनच ते निवृत्त झाले. पण गावात यांना शेवटपर्यंत सगळे गार्डसाहेबच म्हणाले. मी मंगरूळपीरच्या शाळेत मराठी शिकवायचे. घरामागे वांग्या-टमाट्याचा, कोथिंबीर-मेथीचा थोडका मळा, तो दीर बघतात. मुलगी वैशाली नाशकात. असा आमचा संसार. त्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, आणि घडलं नाही याचंच मला समाधान होतं.

मग यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ली, आलेल्या पाहुण्याचं नाव. मग एकदा भाजी आणायला गेले आणि बसस्टँडवर उभे सापडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूची फिल्म दिव्यासमोर धरून बरंच समजावलं. त्यातलं मला एवढंच उरलं: हे असंच वाढत जाणार, यावर खरं औषध नाही. चालवत राहा, बोलत राहा, ओळखीच्या जागी नेत राहा.

ओळखीची जागा म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? दसरा झाला आणि आम्ही ट्रॅकवर जायला लागलो.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत दुःखाचा हिवाळा. आणि सगळ्यांत जवळिकीचाही तोच, हे आता मला कुणाला सांगता येत नाही. नोकरीच्या दिवसांत आम्ही दोघं कधी शेजारी शेजारी चाललोच नव्हतो. यांची ड्यूटी सकाळची असली की माझी बस दुपारची. ते आले की मी वह्या तपासत बसलेली. आता रोज, उजाडून धुकं विरळ झालं की, मी यांना कानटोपी घालायची, मफलर गुंडाळायची, आणि आम्ही निघायचो. वाटेत कुणाच्या तरी अंगणात शेकोटी पेटलेली असायची. तुराट्यांचा धूर नाकात जायचा. हरभऱ्याच्या वावराकडून आंबूस गार वास यायचा. हे चालता चालता हात मागे बांधायचे, अगदी फलाटावर फेऱ्या मारायचे तसे.

सुरुवातीला तर मजाच होती. लोखंडी गँगमन पहिल्यांदा दिसला तेव्हा यांनी त्याच्या छातीवर टिचकी मारली. खण्णकन आवाज आला.

"काय गड्या," हे म्हणाले, "लाइन उखडली तरी तुले सुट्टी नाई का?"

मी खूप हसले. हेही हसले. मग मला म्हणाले, "तुले सांगतो, असाच होता आमचा एक गँगमन. बोलाचा नाई, फक्त हातोडा चालवाचा."

ते आठवून सांगायचे आणि मी ऐकायचे. कुठल्या हॉल्टला सीताफळांच्या पाट्या चढायच्या, तांड्यावरच्या बाया आरशांचे घागरे सावरत डब्यात आल्या की सगळा डबा कसा लखलखायचा, पावसात रूळ घसरडे झाले की इंजिनापुढे माती टाकत कसं चालावं लागायचं. वाटायचं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असेल. एवढं लख्ख आठवणारा माणूस विसरेल कसा?

दिवाळीनंतर भिंतीपाशी एक मुलगी दिसायला लागली. रेणुका तिचं नाव. अमरावतीची, चित्रकलेचं शिकलेली. गाडीचे मागचे डबे अर्धवट राहिले होते, ते पुरे करायला आली होती. परांचीवर बसून, डोक्याला ओढणी गुंडाळून ती रंग लावायची. हे रोज तिच्यासमोर थांबायचे.

एक दिवस म्हणाले, "बेटा, शेवटचा डबा हिरवा होता."

तिने वळून पाहिलं. "हिरवा, काका?"

"पोपटी. कैरीसारखा. त्याच्यात मी बसत होतो ना."

तिने माझ्याकडे बघितलं. मी यांच्या पाठीमागून हळूच मान हलवली. आमच्या गाडीला हिरवा डबा कधीच नव्हता. सगळे डबे एकाच मळक्या तांबूस रंगाचे. हे पुढे गेल्यावर मी तिला म्हटलं, "मनावर घेऊ नको बेटा. त्यांना आजकाल असं काहीबाही वाटतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर शेवटचा डबा पोपटी झाला होता. ओला रंग कोवळ्या उन्हात चमकत होता. रेणुका परांचीवरून यांच्याकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी.

हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हां. आता बरोबर."

घरी येताना मी स्वतःशी भांडत होते. मी मास्तरीण. जन्मभर चुकलेलं दुरुस्त करत आले. घरात दिवसभर माझं तेच चाललेलं असायचं: अहो, आज सोमवार नाही, अहो, जेवण झालंय तुमचं, अहो, तुमची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. दर वेळी यांचा चेहरा उतरायचा. आणि या परक्या मुलीने काही न विचारता रंगाचा डबा उघडला. त्या दिवसापासून मी दुरुस्त करायचं सोडलं. ते ज्या गावात असतील त्या गावात मीही जायला लागले.

ट्रॅकच्या तोंडाशी कमलबाईंची चहाची टपरी आहे. तरुणपणी त्या याच गाडीत पेरूची पाटी घेऊन चढायच्या. आम्ही परत येताना त्यांच्याकडे चहा घ्यायचो.

"या गार्डसाहेब, बसा," त्या म्हणायच्या. "ओळखलं का मले?"

हे त्यांच्याकडे निरखून बघायचे. नाव काही केल्या सापडायचं नाही. पण एकदा एकदम म्हणाले, "पाटी बाजूले ठेव. लोकायच्या पायात येते."

कमलबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. "अवो बाई," त्या मला म्हणाल्या, "हे असंच बोलत होते मले! रोज! असंच!" आणि पदराने डोळे पुसत हसल्या. "माही पाटी आठवते बिचाऱ्याले. मी नाई आठवत. चालते. पाटी आठवली तरी लय झालं."

मला त्यांचा हेवा वाटला. चालते, असं म्हणायला मला त्यानंतर फार वेळ लागला.

संक्रांत जवळ आली. शेतांत तूर वाळायला लागली होती, शेंगांचा खुळखुळ आवाज वाऱ्याबरोबर यायचा. त्या दिवशी यांना मोरीखालचे मासे बघायचे होते. पायऱ्यांवर दव होतं. मी पुढे होऊन यांचा हात धरला, तर यांनी तो हलकेच सोडवून घेतला.

"राहू द्या बाई," हे म्हणाले. "तुमी कायले त्रास घेता?"

तुमी.

इतक्या वर्षांत या माणसाने मला तू शिवाय हाक मारली नव्हती. रागात तू, लाडात तू, पाहुण्यांसमोर तू. आमच्याकडे नवऱ्याने बायकोला अहो-जाहो करायची रीत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यांनी मला पहिलं वाक्य बोलून दाखवलं ते, "तुले चहा गोड लागते का कमी?" त्या तू ला मी कधी काही मानलं नव्हतं. घरातल्या उंबऱ्यासारखं ते होतं, रोज ओलांडायचं. आता त्या ओल्या पायरीवर उभी राहून मला कळलं की मी या माणसाच्या घराबाहेर आले आहे.

हे सभ्यपणे माझ्यापासून हातभर लांब झाले आणि भिंतीचा आधार घेत एकटे खाली उतरले. परक्या बाईला धक्का लागू नये म्हणून. खाली जाऊन रंगवलेल्या माशांकडे बोट करून म्हणाले, "पाहा, किती छान काढले. तुमी पाह्यले होते का आधी?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदाच पाहते आहे."

त्या रात्री वैशालीचा फोन आला. "आई, आवाज असा का येतोय तुझा?"

"थंडीचा घसा धरलाय," मी सांगितलं. पोरगी तिकडे कामात. ही असली गोष्ट फोनवर सांगायची तरी कशी? तुझ्या बाबांनी मला तुमी म्हटलं, असं? ज्याला हे ऐकून काही वाटेल असा एकच माणूस होता, आणि तो आतल्या खोलीत उशीची खोळ काढत आणि घालत बसला होता.

तू पूर्ण गेलं नाही. मधून मधून यायचं. सकाळी मी तुमी असले तरी दुपारी भाकरी वाढताना एकदम, "तू जेवली का?" असं ऐकू यायचं. मग मी चुलीपाशी तशीच थांबायची. पण ट्रॅकवर मात्र मी बहुतेक तुमीच असायची. मला वाटतं, घरातल्या भिंती, चूल, माझा घरातला आवाज हे सगळं मिळून त्यांच्या मनात मी तयार होत असेन. बाहेर उघड्यावर मला आधार द्यायला काहीच नव्हतं.

गँगमनच्या पुतळ्याला हे अजूनही काहीतरी विचारायचे. फक्त आता विचारून झाल्यावर उत्तराची वाट बघत थांबायचे. थंड वाऱ्यात उभे, मान जरा कललेली. मी पुतळ्याच्या मागे जाऊन, "सगळं ठीक आहे साहेब," असं म्हणावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. फिरायला आलेल्या पोरांना ते ओरडायचे, "रुळावरून चालू नका! गाडीची वेळ झाली!" काही पोरं हसायची. काही खरंच बाजूला व्हायची. त्या बाजूला होणाऱ्या पोरांना मी मनातल्या मनात फार आशीर्वाद दिले.

भिंतीवरच्या पोपटी डब्याला रेणुकाने जायच्या आधी एक खिडकी काढली होती. खिडकीत एक बाई. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, गजाला धरलेली बोटं, नजर बाहेर. कुणाचं बघून काढलेली नव्हती ती. मी विचारलं होतं, तर रेणुका म्हणाली होती, "अशीच, मनातून."

माघाचे दिवस असतील. ऊन चांगलं वर आलं होतं. आम्ही सिमेंटच्या प्रवाशांमधल्या रिकाम्या जागेत बसलो होतो, बाकाच्या एका बाजूला पागोट्यातला म्हातारा, दुसऱ्या बाजूला मांडीवर लेकरू घेतलेली बाई, मध्ये आम्ही. हे भिंतीकडे बघत होते.

"तिकडे पाहा," हे मला म्हणाले. "खिडकीत. माही बायको आहे ते."

मी पाहिलं. त्या बाईचं नाक धारदार होतं, माझं बसकं. तिचा रंग सावळा, माझा उजळ. माझ्यात आणि तिच्यात काही, काही सारखं नव्हतं.

"हो का?" मी म्हणाले. "छान आहे हो."

"छान आहेच. मास्तरीण आहे. ट्रेनिंगले जात होती तवा माह्याच गाडीत बसे. सोमवारी जाये, शनिवारी येये."

ते खरं होतं. लग्नानंतर माझं शिक्षिकेचं शिक्षण राहिलं होतं, आणि मी याच गाडीने जायची. यांच्या गाडीत. हे मागच्या डब्यात, मी मधल्या. गावचे लोक बघतात म्हणून आम्ही गाडीत एक शब्द बोलायचो नाही.

"मग तुम्ही गप्पा मारत असाल," मी मुद्दाम विचारलं.

"छ्या! कोन बोलते? ड्यूटीवर होतो ना." मग इकडेतिकडे बघून, सिमेंटच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "एक सांगू? कोनाले सांगू नका."

"नाही सांगत."

"तिले गर्दीत बसाले जागा लवकर भेटत नाई. पिशवी मोठी राहते. मंग ती बसली का नाई, ते मी डोकावून पाहो. ती टेकली, का मंग मी झेंडा दाखवो. तोपर्यंत गाडी हलू देत नव्हतो." हे हसले, एखाद्या पोराने गुपित फोडावं तसे. "ड्रायवर वरडे, साहेब, काहून उशीर? मी सांगो, सामान चढून राह्यलं."

मला पुढचं दिसेना. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचीही भीती वाटत होती, हे विचारतील काय झालं म्हणून. किती सोमवार मी त्या गाडीला नावं ठेवली होती! किती वेळ थांबते ही, हलतच कशी नाही, अशा गाडीने माणसाने कधी पोहोचावं, असं शेजारच्या बाईला म्हणत मी पिशवी वर ठेवायची, पदर सावरून बसायची, आणि बरोबर त्याच क्षणी शिट्टी व्हायची. मला वाटायचं, माझं नशीब चांगलं, बसल्याबरोबर गाडी सुटते.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढा संसार झाला, मुलगी झाली, तिचं लग्न झालं, भांडणं झाली, अबोले झाले, नाही सांगितलं. आणि आता सांगितलं ते एका परक्या बाईला, जी बाकावर सहज शेजारी बसली होती. मला फार आनंद झाला. आणि त्याच वेळी असं वाटलं की उठून त्या भिंतीजवळ जावं आणि त्या रंगाच्या बाईला सांगावं, ऐक, हे तुझ्यासाठी नव्हतं. हे माझं आहे.

मी विचारलं, "नाव काय हो तुमच्या बायकोचं?"

यांच्या भुवया जवळ आल्या. ओठ दोन-तीनदा हलले. मग एकदम ताठ बसत म्हणाले, "आमच्यात बायकोचं नाव घेत नाई."

ते विसरले होते की लाजले होते, हे मला तेव्हा कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला नाल्याकाठचे पळस पेटले आणि यांचे पाय जड व्हायला लागले. पुढे उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडले, मग अंथरूण धरलं. वैशाली येऊन राहिली. शेवटी शेवटी भाषाच गेली. नजर नुसती छतावरून फिरायची. श्रावणात एका दुपारी, मी भाताची पेज भरवत असताना, यांनी तोंड मिटलं ते उघडलं नाही. मळ्यात पाणी साचलं होतं, दीर तिकडे चर काढत होते. त्यांना हाक मारायला मी पेजेची वाटी हातात घेऊनच मागच्या दारापर्यंत गेले.

पुढचा हिवाळा मी नाशकात काढला. तिथे थंडीत धुराचा वास येत नाही.

काल ट्रॅकवर गेले तेव्हा सगळं होतं तिथेच होतं. गँगमनला तांबेरा चढलाय. सिमेंटच्या बाईच्या मांडीवरच्या लेकराचा एक हात कुणीतरी तोडलाय. भिंतीला ओल आली आहे आणि रंगाचे पोपडे सुटलेत. बाकीचे डबे बऱ्यापैकी शाबूत आहेत, पण पोपटी रंग सगळ्यांत आधी उडाला. खाली चुना दिसतो. खिडकीतल्या बाईची गजावरची बोटं तेवढी राहिली आहेत. मी जवळ जाऊन उभी राहिले. इतके दिवस जिचा राग केला, तिचा चेहरा गेलेला बघून मला रडू आवरेना. यांनी जिला ओळखलं होतं ती हीच ना?

कमलबाईंनी चहा दिला. "पुन्हा रंगवून राह्यले म्हनते, बाई. दुसरं काहीतरी काढतीन. मोर-बीर."

"काढू दे," मी म्हणाले.

"साहेबांची लय आठवन येते. मी तर पाटी सोडली कधीची, पन अजून पाय आवरून बसते."

मी चहा घेतला. येणारे-जाणारे नमस्कार करत होते, कशा आहात मॅडम, कधी आलात, बऱ्या आहात ना तुम्ही. आता मला तुम्ही म्हणणारं गाव भरून आहे.

परत येताना सारखा तो दिवस डोळ्यांपुढे येत होता, आमच्या शेवटच्या फेरीचा. तेव्हा ती शेवटची आहे हे ठाऊक नव्हतं. पळसाची फुलं वाटेवर पडली होती आणि हे ती चुकवत चालत होते, पाऊल उचलून उचलून. अर्ध्या वाटेवर थांबले. माझ्याकडे वळले आणि हात जोडले.

"बाई, तुमी रोज येता माह्यासोबत. लय उपकार झाले. पन तुमच्या घरी वाट पाहत असतीन. जा तुमी आता."

"आणि तुम्ही?"

"मले रस्ता माहीत आहे. जा. ऊन चढून राह्यलं."

मी म्हणाले, "बरं, जाते." दुसरं काय म्हणणार होते? मी बाजूला झाले. हे चालायला लागले, आणि त्यांच्या लक्षात येणार नाही इतकं अंतर ठेवून मी मागून निघाले. उन्हात त्यांची सावली मागे पडत होती, माझ्या पायांपर्यंत येत नव्हती. वळणावर ते चुकतील असं वाटलं, चुकले नाहीत. टपरी ओलांडली. कमलबाई काही विचारणार तोच मी ओठांवर बोट ठेवलं. आमची गल्ली आली. यांनी बरोबर आमचं फाटक ओळखलं, आत गेले, आणि शहाण्या माणसासारखी आतून कडी घातली.

मी माझ्याच घराबाहेर उभी.

मग मळ्याकडून वळसा घेतला. वांग्यांच्या ओळींतून, पाण्याच्या ओल्या दांडावरून, चपला हातात घेऊन मागच्या दाराने आत शिरले. पाय धुतले. चहा टाकला, त्यात आलं ठेचून घातलं. कप घेऊन पडवीत आले तर हे खुर्चीवर बसले होते, कानटोपी मांडीवर.

माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"कुठं गेली होतीस? एक बाई आल्त्या मले सोडाले. चांगल्या होत्या बिचाऱ्या. फाटकातूनच गेल्या. तू असतीस तर चहा तरी पाजला असता त्यायले."

मी कप यांच्या हातात दिला. तो गरम होता म्हणून त्यांच्या बोटांभोवती माझी बोटं धरून ठेवली.

"उद्या बोलावू," मी म्हणाले.